वसंताच्या नावानं खेळलेला माहा भाऊ

त्या दुपारी आपल्या घरात चार जन होते. ते पैले लिहून ठेवते, कारन त्यातले आता दोघंच उरले. तू होता, नामदेव. चुलीपाशी आपली माय होती. दारात सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत मी बसली होती, तुही मोठी बहीन कौसा. आन् सायकल भिताडाले टेकवून आत आलेला वसंता होता. वसंत रामराव पाटील, ज्याच्या नावानं तू दोन सालापासून कबड्डी खेळत होता. शेळी पन होती, पन तिले कोनी साक्ष मागनार नाई.

तुले जाऊन आज अठरा दिवस झाले. मी दुसरीपर्यंत शिकली, अक्षर ओढून ओढून लिहिते, एका पानाले दोन दिवस लागते. म्हनून तू कवा जन्मला, मांगं कोन कोन ठेवून गेला, ते लिहीत बसत नाई. मातीले आलेले लोक काय बोलत होते तेवढं सांगते. एक म्हने, "गरीब मानूस होता, कोनाच्या वाटी गेला नाई." दुसरा म्हने, "जवानीत कुठंतरी मिलमधी होता म्हन्ते." तिसरा म्हने, "पोतं मस्त उचले." बस. तू खेळत होता हे एकाही तोंडातून निघालं नाई. मी बायाईत बसून ऐकत होती. डोळ्याले पदर लावला होता, पन रडत नव्हती. इचार करत होती, का हे असं नाई राहू द्याचं.

तू खेळे कसा ते पैले सांगते. अंगानं तू भरलेला नव्हता. बाकीचे गडी मांड्या थोपटत, रेषेवरची माती कपाळाले लावत, लोकाईकडे पाहून मिशीवर हात फिरवत. तू काईच करत नव्हता. चड्डीची नाडी एकदा खेचून पाहे आन् निघे. मधली रेषा ओलांडली का तुहा दम सुरू, कबड्डी, कबड्डी, बारीक आवाजात, जसं कोनी आपल्यापाशीच बोलून राह्यलं. म्या रिसोडले बैलबंडीवर उभी राहून तुहा एक खेळ पाह्यला. तू दम धरला तसा म्या पन श्वास धरला, म्हनलं पाहू. माहा तीनदा सुटला. तुहा चालूच. तिकडे पाच गडी हात पसरून उभे, आन् तू त्याईच्या मधात असा फिरे जसा बाजारात भाजी पाहून राह्यला. मंग एकाएकी खाली बसे, एकाच्या घोट्याले बोट लावे, आन् रेषेवर हात टेकून मोकळा. लोकाईले कळे तवर शिट्टी झाली राहे. बंडीवाला मले म्हने, "बाई, हा कोन हाय?" मी सांगाले गेली माहा भाऊ, आन् तोंड दाबून घेतलं. म्हनलं, "वसंत पाटील हाय म्हन्ते बावा."

ते नाव अंगाले कसं लागलं, ते आजच्या पोराईले खरं वाटनार नाई. तवा सामने गावागावात होत, आन् कायदा असा का गडी गावचेच पाहिजे. खेळाच्या आधी सात नावं कागदावर लिहून पंचाजवळ द्या लागे. पन गावात सात चांगले गडी कुठून आनाचे? म्हनून लोक दुसऱ्या गावचा गडी आने आन् आपल्या गावच्या कोन्या पोराच्या नावावर उभा करे. सगळेच करत. पंचालेही माहीत राहे. रिसोडकडच्या एका गावाले, वसंताच्या गावाले, तू पाहिजे होता. त्याईच्या कागदावर वसंताचं नाव होतं, आन् वसंताले कोनी पकडलं का गुदगुल्या होऊन तो हासे आन् त्याचा दम सुटे. उंची तुही-त्याची सारखी. झालं.

बंडी घेऊन ते लोक आले तवा दुष्काळ होता. मी खडी फोडाले जात होती. कामावर सरकारची सुकडी, भाजलेलं गोड पीठ, भेटे, ती आपन तिघं पुरवून पुरवून खात होतो. ते म्हने, एका सामन्याले एक पोतं ज्वारी. पिवळी, आपल्या इकडची. म्या मायकडे पाह्यलं. माय त्या मानसाले म्हने, "पोराचं नाव तुमच्या पोराचं सांगाचं, ते ठीक. बापाचं नाव पन त्याईचंच सांगाचं का?"

तो म्हने, "सांगाच लागीन मावशी. कागदावर तसंच हाय."

तुले माहीत हाय मायले काय लागलं ते. आपला बाप जिता होता तवा त्याले गावात सगये "किसन्या" म्हनत, लहान पोरं सुद्धा. धम्म घेऊन आला त्या दिवशी तो ओट्यावर बसून म्हने, आता या घरात कोनाचं नाव अर्धं घ्याचं नाई. पोराचं नाव घेतलं तं बापासगट घ्याचं. तवापासून माय तुले जेवाले बोलवे तरी "नामदेव किसन, ये रे" अशी बोलवे. गल्लीतले पोट्टे हासत. आन् त्याच घरातून तू रामरावचा पोरगा बनून बंडीत बसला. म्याच बसोलं. पोतं उतरून घेताना माय घरात निघून गेली, आन् पोत्याचं दुसरं टोक म्या एकटीनं धरलं.

मंग तो रिसोडचा शेवटचा सामना. त्या गावाले ढाल भेटली, तुले खांद्यावर घेऊन "वसंता, वसंता" करत लोकाईनं मिरोलं, आन् खरा वसंता त्याच गर्दीत नाचत होता. तिथं अकोल्याकडच्या एका मिलचे दोन मानसं खेळ पाहाले आले होते. त्याईनं नाव-गाव लिहून नेलं. मिलचं पत्र आलं ते वसंताच्या घरी. ते घेऊन वसंता सायकलवर आपल्या दारी आला. ती ही दुपार.

आत आला आन् बसला. मायनं त्याले पानी द्याव का नाई असा हात अडखळला, तं तोच म्हने, "मावशी, चहा टाका ना. दोन कोस सायकल मारली." मायनं टाकला. त्यानं पेला. त्या टाइमाले हे लहान काम नव्हतं.

मंग म्हने, "नामदेव भाऊ, तुमचं पत्र आलं. माह्या घरी आलं."

तू म्हनला, "माहं पत्र तुह्या घरी कायले येईन?"

"वाचा ना."

तू वाचलं. मिलच्या संघात खेळाचं, सूत खात्यात काम, राहाले खोली. तू दोनदा वाचलं. वसंता म्हने, "आमच्या बुढ्यानं पत्र पाह्यलं आन् मलेच म्हने, जा तू. म्या म्हनलं, बाबा, पैल्याच दिवशी चढाई कराले लावलं तं मी रडत घरी येईन." आपन सगये हासलो. माय सुद्धा.

मंग तू पत्राची घडी केली आन् म्हनला, "मी जातो. पन जाऊन खरं सांगतो. माहं नाव नामदेव किसन इंगोले. घ्या नाई तं नका घेऊ."

वसंताचं तोंड उतरलं. "मंग आमची ढाल जाईन भाऊ. आन् गाव खेळातून बाद होईन. तुमी माह्याच नावानं जा. मले कुठं त्या नावानं मिलमधी जाचं हाय? मले इथं वावर पाह्याचं. इथं ते नाव पुरते मले."

तू मायकडे पाह्यलं. माय चुलीकडे पाहून राह्यली. म्या सूप खाली ठेवलं. म्हनलं, "वसंत म्हनून जा. आपलं नाव इथं घरी ठेव. मी सांभाळते."

हे म्या म्हनलं. दुसऱ्या कोनी नाई. तुले पाठोनारी मी.

तीन सालं तू खेळला. सकाऊन मैदान, मंग खातं, सांजच्याले पुन्हा मैदान. रेल्वेवाल्याईसंग खेळला, पोलिसाईसंग खेळला. नागपूरले गेला, मुंबईलेही दोनदा गेला. पेपरात तुहा फोटो आला, हवेत आडवा, तीन गडी तुह्या पायाले लोंबकळत आन् तुहा हात रेषेवर. खाली लिहिलेलं वसंत पाटील. पैल्यांदा सुट्टीत आला तवा तू म्हनला, "अक्का, तिथं लोक मले पाटील म्हनते. मेसवाला म्हने, पाटील, दोन पोळ्या जास्त घ्या." मी पोट धरून हासली. तू पन. मायनं तुह्या ताटात भाकर टाकली आन् म्हने, "नामदेव किसन, खा." हासनं तिथंच थांबलं.

पैसे येत. घरावर टिनं आले. म्या खडी फोडनं सोडलं. हे पन लिहिते, कारन हे खरं हाय, आन् मले याची लाज नाई.

मंग माय गेली. तीन दिवसाच्या तापात गेली. मी आपल्या इकडच्या मालेगावच्या डाकखान्यात तार कराले गेली. पुढचं तुले अर्धंच माहीत हाय. उरलेलं आता सांगते.

तार मिलच्या पत्त्यावर गेली, नामदेव किसन इंगोले या नावानं. तिथं या नावाचा कोनी नव्हता. फाटकावरच्यानं खात्याखात्यात इचारलं, आन् तार परत. नवव्या दिवशी पोस्टमननं ती माह्या हातात देली. म्हने, असा मानूस तिथं नाई. तवर मायची राख पन गार झाली होती. अकराव्या दिवशी तू आला, आपला आपलाच, सामना जिंकून सुट्टी काढून. हातात चष्म्याची डबी. मायले सुई दिसत नव्हती म्हनून अंदाजानं चष्मा घेतला होता. दारातूनच तू म्हनला, "माय, हे घाल, आन् पाह्य मी किती जाडा झालो."

मी भांडे घासत होती. म्हनलं, "तार नाई भेटली तुले?"

"कोनती तार?"

म्या सांगतलं. तू उभाच राह्यला. मंग एकच इचारलं, "कोनाच्या नावानं केली होती अक्का?"

म्या म्हनलं, "तुह्या."

तू भिताडाले टेकून खाली बसला. चष्मा खिशात घातला. पुढं तो कोनाच्याच डोळ्याले लागला नाई.

तिसऱ्या दिवशी तू मिलमधी गेला आन् साहेबापुढं उभा राह्यला. हे तू मले सांगतलं होतं. साहेब म्हने, "तू वसंत नाई, मंग तीन सालं इथं कोन खेळला?" तू म्हनला, "तेच सांगाले आलो, साहेब." त्याईनं त्याच दिवशी नाव खोडलं. संघातून बाद, खात्यातून बाद. खोडलं ते पन वसंताचंच, तुहं तं तिथं नव्हतंच. वळकटी आन् पत्र्याची पेटी घेऊन तू घरी आला. पंचवीस सालाचा होता. दम तसाच होता, गुडघे शाबूत होते. त्याच्यानंतर तू एकही सामना खेळला नाई. मिलवाल्याईनं सगयीकडे कळोलं, आन् गावच्या टीमा आपल्या ढाली जातीन म्हनून तुह्या सावलीले घाबरे.

म्या तुले मूर्ख म्हनलं. आठवते ना? ओट्यावर उभी राहून, गल्ली ऐकीन एवढ्या आवाजात. म्हनलं, "बोलला नसता तं काय मेला असता? भरल्या ताटाले लाथ मारून आला."

तू म्हनला, "अक्का, मायले लोक खांदा देऊन राह्यले होते, आन् मी तिकडे दुसऱ्याच्या पोराच्या नावानं कबड्डी कबड्डी करत होतो."

"आन् आता खाशीन काय?"

"पोते उचलीन."

आन् उचलले. मालेगावच्या बाजारात हमालीत तुही जिंदगी गेली. मी दरसाली एकदा तरी काढे, का राह्यला असता तं आज पेन्शन असती. तू बिडी इझवे आन् म्हने, "तारेवर नाव कोनतं घातलं होतं?" तुले वाटे का मी दुःखात ते दुसरं नाव इसरली. मी तुले तसंच वाटू देलं. सारी जिंदगी.

इसरली नव्हती, नामदेव. डाकखान्यातल्या बाबूनं इचारलं, "कोनाले कराची?" माह्या तोंडात वसंत रामराव पाटीलच आलं होतं. बाबूनं पेन उचलला. आन् मले वाटलं, वसंताची माय तिकडे जिती हाय, धडधाकट हाय. तिच्या पोराच्या नावानं म्या कसं लिहू, तुही माय मेली म्हनून? आन् आपली माय, तिले मरताना मी दुसऱ्या घरची कशी करू? म्या म्हनलं, "नामदेव किसन इंगोले." बाबू म्हने, "पक्कं ना?" म्या म्हनलं, "पक्कं." मले माहीत होतं तार तुले नाई पोचायची. अंदर कुठंतरी माहीत होतंच.

म्हनजे तू मिलमधी जे केलं, ते म्या आधी डाकखान्यात केलं होतं. आन् तरी चाळीस-पंचेचाळीस सालं मी तुले मूर्ख म्हनत राह्यली. तू दवाखान्यात होता तवा दोनदा सांगाले आली. तू झोपला होता. उठवलं नाई. हे माहं चुकलं. पाठोलं ते चुकलं का नाई, मले अजून समजत नाई. आपन जगलो, हे खरं.

आता पुढचं ऐक. शाळेच्या मैदानावर मोठा फळा लावून राह्यले, गावातल्या जुन्या खेळाडूंचे नावं लिहाले. मी गुरुजीकडे गेली. गुरुजी चांगला मानूस हाय. म्हने, "आजी, नामदेवबाबा खेळत होते? आमाले तं माहीतच नाई. काई कागद हाय का?" म्या तुही पेटी उघडली. सामन्याच्या प्रमाणपत्राचे सात कागद निघाले. सातही वसंत रामराव पाटील.

म्हनून मी वसंताच्या गावाले गेली. एकटी, जीपमधी दाटून बसून. त्याच्या बैठकीत मोठ्ठी फ्रेम, आन् फ्रेममधी तू, हवेत आडवा. सूनबाई कौतुकानं म्हने, "हे आमचे मामंजी, जवानपनी."

म्या म्हनलं, "बाई, हा माहा भाऊ हाय."

ती हासली. "आजी, खाली नाव वाचा ना."

आतून बाजेवरून वसंताचा आवाज आला, "इतके साल झाले घसा कोरडा करून राह्यलो, का तो मी नाई! या घरात कोनी ऐकते का?"

"ते असंच म्हनते," सूनबाई मले म्हने. "लाजते ते."

म्या म्हनलं, "बरं, त्याईले इचार, चढाईले जाताना कोनता पाय पुढं ठेवत होते."

वसंता म्हने, "मले काय माहीत! मी तं झाडाखाली बसून शेंगा खात होतो!"

तवा त्या बाईचं हासनं गेलं. फ्रेमकडे पाहे, सासऱ्याकडे पाहे. वसंतानं मले जवळ बसोलं. तू गेला ते त्याले माहीत नव्हतं. रडला, बुढा मानूस, पोरासारखा. म्हने, "कौसाबाई, त्याचा माह्यावर राग होता का?"

म्या म्हनलं, "नाई. तो म्हने, वसंतानं आपल्या घरी चहा मागून पेला होता."

मंग त्यानं पेन मागतला. सातही कागद उलटे केले आन् प्रत्येकाच्या मांगं लिहिलं, 'हा सामना नामदेव किसन इंगोले खेळले. मी खेळलो नाही. वसंत रामराव पाटील.' दोन कागद झाले का पानी पेये. सूनबाईनं सांगतलं, बाबा, उरलेले उद्या लिहा. तो म्हने, "उद्याचा भरोसा तू देतं का?" सातवा झाला तवा सूर्य बुडाले आला होता. निघताना सूनबाईनं मले रस्त्यापर्यंत सोडलं. फ्रेमचं काय करू, असं तिनं इचारलं. म्या म्हनलं, राहू दे. खालचं नाव बदल.

कागद गुरुजीले देले. तो म्हने, कमिटीपुढं ठेवतो, मानतीन का नाई सांगता येत नाई. बरं. मी दर सोमवारी जाते आन् शाळेच्या पायरीवर बसते. आतापर्यंत दोन सोमवार झाले. म्या जवानीत खडी फोडली. दगड पैल्या घावात फुटत नाई, हे मले कोनी शिकवाव लागत नाई.

हे वाचनाऱ्याले एकच मागनं हाय. तुमच्या घरी पेटीत नाई तं फ्रेममधी तुमच्या बापाच्या, आज्याच्या नावाचा जुना कबड्डीचा कागद असन, आन् ते कधी खेळलेच नाई हे घरात कोनाले माहीत असन, तं तो कागद फेकू नका, जाळू नका. ज्याईले माहीत हाय ते मरायच्या आधी त्याईले इचारून घ्या. कागद उलटा करा, आन् जो खेळला त्याचं नाव मांगं लिहा. पुरं लिहा, बापाच्या नावासगट.